वाघूरकाठचा वाघ आणि वाट दाखवणारे पोर

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्ही लेण्यांवर काहीतरी लिहून द्या, असा निरोप मंडळाचे कार्यकर्ते दोन वेळा घरी येऊन देऊन गेले. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढची अक्षरे गिरणीच्या साचेखात्यात आणि विहाराच्या वाचनालयात गिरवली. तरी रविवारच्या वंदनेनंतर लेण्यांविषयी चार शब्द बोलायची आम्हाला सवय लागली आहे, आणि बोलणे संपले की पोराटोरांपासून म्हाताऱ्या उपासिकांपर्यंत सगळ्यांची फर्माईश एकच: ती वाघाची गोष्ट सांगा.

वाघाच्या गोष्टी दोन आहेत. एक अजिंठ्याची, १८१९ सालची. दुसरी कान्हेरीची, १९९४ सालची, आमच्या डोळ्यांसमोर घडलेली. आजवर आम्ही त्या वेगवेगळ्या सांगत आलो. या वेळी कागद-पेन घेऊन बसल्यावर ध्यानात आले की त्या तशा वेगळ्या नाहीत. पहिल्या गोष्टीतल्या साहेबाला आम्ही ज्या चुकीबद्दल बोल लावतो, तीच चूक दुसऱ्या गोष्टीत आमच्या हातून झालेली आहे. म्हणून दोन्ही एकाच ठिकाणी लिहून काढतो. उपासक-उपासिकांनी गोड मानून घ्यावे.

पहिली गोष्ट पुष्कळांनी क्रमिक पुस्तकात वाचलेली असेल. २८ एप्रिल १८१९. पेशवाई बुडून पुरते वर्षही झाले नव्हते. मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज कप्तान निजामाच्या मुलखात, अजिंठ्याच्या डोंगरात शिकारीला आला. वाघाचा माग काढत काढत तो वाघूर नदीच्या घळीशी पोचला. तिथून समोरच्या कड्यावर झाडोऱ्यातून त्याला एक कोरीव कमान दिसली. ती आजच्या १० नंबरच्या चैत्याची कमान. इथपर्यंत सगळे जण सारखेच सांगतात. पुढे फाटे फुटतात. कोणी सांगतात, वाघ त्या कमानीखाली जाऊन दडला आणि साहेब त्याच्या मागोमाग गेला. कोणी सांगतात, वाघ दिसलाच नव्हता, गुरे राखणाऱ्या एका पोराने बोट करून ‘वाघ तिकडे राहतो’ म्हणून दाखवले. कोणाच्या सांगण्यात साहेबाने वाघ मारला, कोणाच्या सांगण्यात वाघ हातचा निसटला. आम्ही जितक्या वाटाड्यांकडून ही गोष्ट ऐकली तितके वाघ ऐकले.

मग या गोष्टीत पक्के काय? पक्के एवढेच, की स्मिथ १० नंबरात शिरला आणि एका खांबावर, तिथे रंगवलेल्या चित्राची पर्वा न करता, आपले नाव, आपले २८ वे घोडदळ आणि तारीख खरडून गेला. ते अजून आहे.

ते नाव आम्ही शोधले तेव्हाची गंमत सांगतो. पहिल्यांदा अजिंठ्याला गेलो ते १९९१ च्या दिवाळीच्या सुटीत, रात्रभर एस्टीत उभे राहून. १० नंबरात शिरल्यावर चौघेजण खांबा-खांबाला नाक लावून साहेबाचे नाव शोधत होतो. सापडेना. शेवटी तिथला रखवालदार हसत आला आणि बॅटरीचा झोत आमच्या डोक्याच्या वर मारला. नाव तिथे, माणसाचा हात वर केला तर कसाबसा पोचेल इतके उंच. आम्ही म्हटले, साहेब काय शिडी घेऊन आला होता? तो म्हणाला, नाही हो, तेव्हा खाली पाच फूट गाळमाती साठलेली होती, त्या ढिगावर उभा राहून त्याने ते खरडले. नंतर माती उपसली, जमीन खाली गेली आणि नाव वर राहिले. हे आम्हाला फार लागले. आपण वाचतो की साहेबाने लेणे शोधून काढले. तो तर लेण्याच्या जमिनीवरसुद्धा उभा नव्हता, साठलेल्या कचऱ्यावर उभा होता.

याच चैत्याच्या दर्शनी कमानीच्या बाजूला ब्राह्मी अक्षरांत एक छोटा लेख आहे. हे ‘घरमुख’, म्हणजे लेण्याचा दर्शनी भाग, वासिष्ठीपुत्र कटहादी याने दान दिला, असा त्याचा मतलब. म्हणजे ज्या कमानीवर कप्तानाची नजर पडली त्या कमानीवर ती कोणी दिली त्याचे नाव सुमारे दोन हजार वर्षे लिहिलेलेच होते. साहेबाला ते वाचता येत नव्हते, हा काही त्याचा दोष नाही. त्या वेळी ब्राह्मी कोणालाच वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपने त्या लिपीचा उलगडा केला तो १८३७ च्या सुमाराला. पण वाचता येत नाही म्हणून शेजारच्याच खांबावर आपले नाव टाकायचे, ही रीत आम्हाला कळत नाही.

आणि लेणी हरवली होती म्हणतात, ती कोणाला हरवली होती? तिथून जवळच लेणापूर नावाचे खेडे आहे. नदीचे नाव वाघूर. नदीच्या नावात वाघ, गावाच्या नावात लेणे. त्या डोंगरात गुरे चारणाऱ्यांना, मध-डिंक गोळा करणाऱ्यांना, भिल्लांना ठाऊक नसलेली जागा कप्तानाला चार दिवसांत सापडली, हे शहाण्या माणसाला पटणारे नाही. त्यांना ठाऊक होती म्हणूनच बोट करून दाखवता आली. बौद्ध जगाच्या ध्यानातून लेणी गेली होती, हे मात्र खरे, आणि ते दुःख मोठे आहे. भिक्खूसंघ उठून गेला, वर्षावास थांबला, दिवे विझले. मागे जे उरले त्याची राखण रानाने केली.

आता वाघाकडे वळू. आपल्या बोलीत ‘वाघ’ हा शब्द सैल आहे. पट्टेरी वाघालाही वाघ म्हणतात आणि बिबट्यालाही वाघच म्हणतात. आमच्या गावाकडे कुत्रे उचलून नेणारा तो वाघ आणि सर्कशीतला तोही वाघ. तेव्हा गुराख्याच्या पोराने कोणता वाघ सांगितला आणि साहेबाने कोणता ऐकला, याचा निवाडा आता होणार नाही. मात्र त्या डोंगरात त्या काळी पट्टेरी वाघ होते आणि ते लेण्यांत वावरत होते, याला दुसरा साक्षीदार आहे. १८२४ साली जेम्स अलेक्झांडर नावाचा आणखी एक लष्करी अधिकारी तिथे गेला. त्याची हकिगत पुढे पाचेक वर्षांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने छापली. जाऊ नका, वाघ खाईल, वाघातून सुटलात तर भिल्ल मारतील, असे लोकांनी त्याला बजावले होते. तरी तो गेला. आत वटवाघळांचा उग्र वास, एका खोलीत माणसाचा सापळा, आणि जमिनीवर वाघ, कोल्हे, अस्वले, वानरे, मोर यांची पावले उमटलेली. ही पावले कशात उमटली होती? छतावरून आणि भिंतींवरून गळून पडलेल्या चित्रांच्या गिलाव्याच्या धुळीत.

ही ओळ वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. खाली पडलेल्या चित्रांचा भुगा आणि त्यावर वाघाचा पंजा. पण विचार केल्यावर वाटले, वाघाने काय बिघडवले? गिलावा पाण्याने आणि काळाने पडला. वाघ त्यावरून चालत गेला, इतकेच. वाघाच्या धाकाने माणूस आत फिरकत नव्हता तोवर भिंती शाबूत होत्या असे आम्ही म्हणणार नाही, कारण जोग्या-बैराग्यांच्या धुण्यांची काजळीही भिंतींवर आहेच. पण वाट मोकळी झाल्यावर काय झाले ते पाहा. १८२८ च्या सुमाराला एका साहेबाने १७ नंबरातली काही चित्रे भिंतीवरून सोलून न्यायचा घाट घातला. त्यांचा चुरा झाला. पुढे कोणी आठवण म्हणून तुकडा काढला, कोणी नाव खरडले. आपल्या लोकांनीही खरडले आहे, हे लपवायचे कारण नाही. बाणाने भेदलेली हृदये इंग्रजांनी काढलेली नाहीत.

सगळेच साहेब एका माळेचे मणी होते असेही नाही. १८४४ साली कंपनी सरकारने मेजर रॉबर्ट गिल याला चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमले. हा माणूस अजिंठ्याचाच झाला. पंचवीस-तीस वर्षे तिथे राहिला, तापाने फणफणत नकला काढत राहिला. त्याने पाठवलेली मोठी मोठी चित्रे लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. तरी तो पुन्हा कामाला लागला. १८७९ साली वारला, भुसावळला त्याची कबर आहे. अशा माणसाला आम्ही हात जोडतो. पण हाच गिल मोठा शिकारी होता, त्याने शंभर-दीडशे वाघ मारले असे सांगतात. आकड्यात फुगवटा असेल. एका हाताने भिंतीवरचे हत्ती, हरणे, हंस जपून उतरवायचे आणि दुसऱ्या हाताने बाहेरचा वाघ टिपायचा. तो काळच तसा होता म्हणावे, तर १७ नंबरातली भिंत आडवी येते.

त्या भिंतीवर सुतसोम जातकाचे चित्र आहे. एक राजा शिकारीला निघतो. बरोबर घोडे, कुत्री, लवाजमा. रानात तो एकटा पडतो, दमून झोपी जातो, आणि जाग येते तेव्हा एक सिंहीण त्याचे पाय चाटत असते. पुढे ती त्याचे मूल घेऊन भर शहरातून त्याच्या दरबारात येते. लोक भिऊन बाजूला सरकतात, तेही चित्रात आहे. जातककथा म्हणजे घडलेला इतिहास नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. आमची तरुण पोरे लगेच विचारतात, सिंहिणीचे मूल माणसाचे कसे? विचारू द्या, विचारायलाच पाहिजे. आमचे म्हणणे वेगळे आहे. शिकारीला निघालेला माणूस आणि समोर अचानक आलेले जनावर, हा प्रसंग स्मिथच्या आधी तेराशे वर्षे त्याच डोंगरात कोणीतरी बसून रंगवला, आणि रंगवणाऱ्याच्या मनात बंदुकीपेक्षा निराळे काहीतरी होते. त्या चिताऱ्याचे नाव कुठेही नाही.

आता कान्हेरी.

१९९४ चा जानेवारी. विहारातर्फे उपासक-उपासिकांची एक दिवसाची सहल कान्हेरीला न्यायची ठरले होते. म्हाताऱ्या बायका येणार, लहान मुले येणार. पाणी कुठे आहे, वंदनेला बसायला सपाट जागा कुठे आहे, किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे आधी पाहून यायचे म्हणून पाचजण निघालो. एक साचेखात्यातले जुने जॉबर, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. एक शाळामास्तर, दोघे बदली कामगार, आणि आम्ही. शनिवारची रातपाळी करून, डोळ्यांवर पाणी मारून बोरिवलीला उतरलो. पार्काच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर. चालतच गेलो. वाटेत आदिवासी बाया बोरे आणि काकड्या घेऊन बसलेल्या. त्यांच्यातल्याच एकीचे बारा-तेरा वर्षांचे पोर, उघडे अंग, खाकी चड्डी, ‘वरची लेणी दाखवतो’ म्हणून मागे लागले. दादा म्हणाले, येऊ दे. दोन रुपये ठरले.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. बहुतेक माणसे ३ नंबरचा मोठा चैत्य आणि दरबार लेणे बघून माघारी फिरतात. मास्तरांना लेखांचे वेड. एक जुने पुस्तक काखेत मारून ते आम्हाला वर वर नेत होते. कुठे कल्याणचा व्यापारी, कुठे सोपाऱ्याचा, कुठे चौलचा, ज्याने त्याने लेणे दिले, पाण्याची पोढी दिली, भिक्खूंच्या चिवरांसाठी पैसे ठेवले. त्यातच पुस्तकात एक नोंद निघाली: कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट दान दिली. आम्ही मास्तरांना ती तीनदा वाचायला लावली. राजाचे दान नव्हे, सावकाराचे नव्हे. घणावर हात चालवणाऱ्या कारागिराने डोंगरातली एक वाट बांधून दिली आणि त्याचे नाव दगडात गेले. दादांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, म्हणजे आपल्याच खात्यातला माणूस.

त्या नादात ऊन कलले. पोर दोन वेळा म्हणाले, चला आता. आम्ही कुठले ऐकतो. वरच्या अंगाच्या कोरीव पायऱ्यांनी उतरायला लागलो तेव्हा खाली झाडीत सावली पडली होती. पोर पुढे होते. ते एकदम थांबले आणि मान वर केली. समोरच्या झाडावर वानर ‘खॉक, खॉक’ करत होता. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही, वानर ओरडायचेच. पोर हळूच म्हणाले, “वाघ हाय.”

आम्ही हसणार तोच वळणावर पोढी दिसली. पोढीच्या कडेला, कातळावर, पुढचे पाय दुमडून बिबट्या पाणी पीत होता. अंतर किती म्हणाल, तर पाच-सहा साचे ओळीने मांडले तर होईल तितके. त्याने तोंड वर केले. हनुवटीवरून पाणी टपकत होते. आमच्याकडे पाहिले. लोक म्हणतात डोळे अंगारासारखे असतात, आम्हाला तर ते फिक्या हळदीसारखे दिसले आणि त्यात राग वगैरे काही दिसला नाही. गिरणीत फोरमन नव्या बदलीवाल्याकडे बघतो तसा तो बघत होता. शेपटीचे टोक तेवढे हलत होते. मग घशातून एक आवाज आला. लाकडावर करवत एकदा पुढे, एकदा मागे ओढावी तसा.

दोघा बदलीवाल्यांपैकी एकजण पळायला वळला. दादा दगड उचलायला वाकू लागले. त्या पोराने एका हाताने पळणाऱ्याचा सदरा धरला आणि दुसऱ्या हाताने दादांचे धोतर.

“पलू नका. वाकू नका. हुभे ऱ्हावा.”

साठीला आलेल्या जॉबरला बारा वर्षांच्या पोराने हुकूम सोडला, आणि ज्यांनी मुकादमाचे कधी ऐकले नाही ते दादा तिथल्या तिथे ताठ झाले. पोराने आम्हा पाचही जणांना हातांनी एकत्र दाबून घेतले, जसे काही मेंढरे आवळावीत. मग ते त्या बिबट्याशी बोलायला लागले. मोठ्याने नाही, ओरडून नाही. शेजाऱ्याशी बोलावे तसे. आम्ही पाणी प्यायला नाही आलो, आम्ही वाटेने चाललो, तू पी तुझे पाणी, अशा अर्थाचे काहीतरी. बोलता बोलता एकेक पायरी मागे. तोंड त्याच्याकडेच. आम्हीही त्याच्याबरोबर मागे मागे. मास्तरांचे पुस्तक हातातून सुटून खाली घरंगळले, त्या आवाजाने बिबट्याने कान मागे टाकले, आणि आमच्या पोटात जे झाले ते लिहिण्यासारखे नाही. पोराचे बोलणे थांबले नाही. मग बिबट्या उठला, अंग ताणले, आणि आमच्याकडे पाठ करून, कसली घाई नसल्यासारखा करवंदीच्या जाळीत गेला. सगळा मिळून मिनिट-दोन मिनिटांचा मामला असेल. मास्तर पुढे कायम पंधरा मिनिटे सांगत.

दुसऱ्या बाजूने लांबचा फेरा घेऊन खाली आलो. पाय लटपटत होते. कोणाला तरी आवाज फुटला आणि पहिले वाक्य निघाले ते असे, की बघा, हे लोक वाघाला देव मानतात, त्याच्याशी बोलतात. वारल्यांचा वाघोबा सगळ्यांनी ऐकलेला. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, आम्हाला ते हसण्यासारखे वाटले. आज तसे वाटत नाही. वाघोबाला आम्ही मानत नाही, ते वेगळे. पण त्या पोराने जे केले त्यातले एकही काम अंधश्रद्धेचे नव्हते. वानराचे ओरडणे ओळखले. पळू दिले नाही, कारण पळणाऱ्याच्या मागे जनावर धावते. वाकू दिले नाही, कारण वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसतो. सगळ्यांना एकत्र ठेवले, तोंड समोर ठेवायला लावले, आवाज चालू ठेवला. नंतर पुष्कळ वर्षांनी, विशेषतः २००४ साली पार्काच्या आसपास बिबट्यांचे हल्ले वाढले त्यानंतर, जाणकार मंडळी वस्त्या-वस्त्यांतून हेच सांगत फिरू लागली. त्या पोराला ते आईबापांकडून मिळाले होते.

त्या रात्री चाळीत गोष्ट सुरू झाली ती आजवर चालू आहे. गॅलरीत, गिरणीत, चहाच्या टपरीवर. दर वेळी बिबट्या थोडा मोठा व्हायचा. दादांच्या सांगण्यात त्यांनी दगड उचललेलाच असायचा. आमच्या सांगण्यात आम्ही सगळ्यांत पुढे उभे असायचो. आठवडा गेला असेल. विहारात सहलीचा अहवाल सांगताना एका उपासिकेने सहज विचारले, “त्या पोराचं नाव काय हो?”

पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. कोणालाच ठाऊक नव्हते. पाऊण दिवस त्याच्याबरोबर हिंडलो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराचे नाव तीनदा वाचून घेतले, चष्मा पुसला. त्याला दोन रुपये ठरले होते, भीतीच्या भरात पाच दिले, आणि नाव विचारले नाही.

तेव्हापासून अजिंठ्याच्या त्या खांबाकडे बघताना आमची मान पूर्वीसारखी ताठ राहत नाही. स्मिथचे नाव आहे, घोडदळाचा नंबर आहे, तारीख आहे. वाट दाखवणाऱ्याचे काही नाही. साहेबाने ते लिहायला हवे होते, असे आम्ही भाषणात मोठ्या आवाजात म्हणायचो.

अजिंठ्याच्या बाजूचे वाघ मध्यंतरी संपले होते. २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ शेकडो किलोमीटर चालून गौताळा अभयारण्यात, म्हणजे अजिंठ्याच्याच डोंगररांगेत येऊन पोचल्याचे कॅमेऱ्यात दिसले. त्या भागात वाघ दिसायला कित्येक दशके लोटली होती. वाघाला नंबर असतो, त्याची वाट नकाशावर काढतात. वर्तमानपत्रात तो नकाशा आला तेव्हा आम्ही तो कापून ठेवला.

कान्हेरीची सहल ठरल्याप्रमाणे निघाली, पंधरा दिवसांनी, दोन ट्रक भरून. वंदना झाली, जेवणे झाली. आम्ही आणि मास्तर बोरेवाल्या बायांकडे गेलो आणि त्या दिवशी वाघ दाखवणारे पोर कुठे आहे म्हणून विचारले. बायांनी हाक मारली. एकाच वयाची, एकाच अंगलोटाची तीन पोरे धावत आली. आम्ही विचारले, त्या दिवशी तू होतास काय? पहिले म्हणाले, मीच व्हतो. दुसरे म्हणाले, नाय, मीच व्हतो. तिसरे नुसते हसत राहिले. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आम्ही तिघांचीही तोंडे निरखून पाहिली. ओळखता आले नाही. त्या दिवशी आमचे सगळे लक्ष बिबट्याकडे होते.

तिघांकडूनही बोरे घेतली आणि तिघांचीही नावे मास्तरांनी वहीत लिहून घेतली. पुढे १९९७ साली कोर्टाचा निकाल आला, पार्कातल्या वस्त्या उठू लागल्या, त्या बाया नेहमीच्या जागी दिसेनाशा झाल्या. दादा गेले, गिरणी गेली. मास्तरांनी वही आमच्याकडे ठेवायला दिली होती. २६ जुलै २००५ च्या पावसात खोलीत कमरेइतके पाणी शिरले, ट्रंक बुडाली. वही वाळवली, पण शाई पसरून गेली होती. त्या पानावर आता एवढेच वाचता येते: बोरे, तीन रुपये.